दुसऱ्या पानावरचा रकाना

७ ऑक्टोबर २०२३, शनिवार. करासकट तीनशे एकोणऐंशी डॉलर पंच्याण्णव सेंट. ही रक्कम माझ्या कार्डावर पडली, कारण त्या कार्डावर काही टक्के परत मिळत होते. चारुदत्त वैरागडेने ती त्याच संध्याकाळी पाकिटात घालून मला रोख आणून दिली. पाकिटात तीनशे ऐंशी होते. वरचे पाच सेंट मी परत केले, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "काका, तुम्ही नागपुरात असता तर लोकांनी तुमच्या घरी येणं सोडलं असतं."

घेतलेली वस्तू म्हणजे रडार डिटेक्टर. रस्त्याकडेचे पोलीस वेग मोजायला रडार लावतात. त्याची चाहूल हे यंत्र थोडी आधी देतं आणि चालवणारा सावध होतो. चारूला ते मोटरसायकलवर बसवायचं होतं.

चारू आमच्या मागच्या गल्लीत, कॅरी गावातल्या भाड्याच्या घरात राहायचा. वय सेहेचाळीस. नागपूरच्या महालातला, वडील रेल्वेत क्लार्क, स्वतः मेकॅनिकल इंजिनीअर. २००९ साली इथे आला तो सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामावर. चौदा वर्षं एच-वन व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या रांगेत. गल्लीतल्या निम्म्या लोकांची गवत कापायची यंत्रं त्याने दुरुस्त केलेली होती. पैसे घेत नसे, चहा मात्र मागून घेई आणि कप स्वतः विसळून ठेवी. जुन्या बनियनने मोटरसायकल पुसायची ही त्याची रविवारची पूजा, असं माझी बायको मालिनी म्हणायची.

त्या मार्चमध्ये त्याची बायको उल्का नागपूरला गेली, तिच्या आईला पक्षाघात झाला म्हणून. मुलगी अदिती एकोणीस वर्षांची, शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात, रोअनोक शहराच्या पुढे कॉलेजात. एप्रिलमध्ये तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचा चारूला फोन आला. अदिती तीन आठवडे वर्गात गेली नव्हती, जेवत नव्हती, पडदे लावून पडून होती. चारू तडक गेला, आठ दिवस तिथेच मोटेलात राहिला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. उल्काला त्याने फोनवर शब्द दिला, की दर शनिवारी मी तिच्यासमोर बसेन आणि तिला माझ्यादेखत जेवायला लावेन.

तो तसं करत होता. फीसाठी मोटरगाडी विकली होती, मोटरसायकलचे फारसे आले नसते म्हणून ती राहिली होती. शनिवारी पहाटे उठून स्वयंपाक करायचा, पातोडीची भाजी, पोळ्या, कधी गोळाभात, आणि चार खणांचा डबा मागच्या पेटीत टॉवेलात गुंडाळून निघायचा. जायला तीन तास, यायला तीन. एप्रिल ते सप्टेंबर एकही शनिवार चुकला नाही. अदिती सुधारत होती. ऑगस्टमध्ये तिने स्वतःहून सांगितलं होतं, भाजीत तिखट कमी झालंय.

तीस सप्टेंबरला त्याच्या व्हिसाची मुदत संपली. मुदतवाढीचा अर्ज वेळेत गेला होता, पावती हातात होती. नोकरी करायला ती पावती चालते. पण ड्रायव्हिंग लायसन्सची तारीख व्हिसाच्या तारखेला बांधलेली असते, आणि नुसत्या पावतीवर नवीन लायसन्स मिळेना. अर्ज लवकर निकाली निघावा म्हणून जी जादा फी भरतात, ती भरायला त्याची कंपनी तयार नव्हती. म्हणजे एक ऑक्टोबरपासून चारूकडे चालू लायसन्स नव्हतं. काम तो घरून करत होता, त्यामुळे आठवड्याचं अडत नव्हतं. शनिवारचं अडत होतं.

सात तारखेचा शनिवार हा पहिला चुकलेला शनिवार. त्याच दिवशी दुपारी तो आमच्याकडे येऊन बसला.

"मी जाणार आहे पुढच्या वेळी," तो म्हणाला. "सकाळपासून अदितीला चार फोन केले, उचलत नाही."

"लायसन्स नसताना? अरे, पकडलं तर?"

"पकडलं तर संपलंच. साधं चालान नाही काका ते, गुन्हा धरतात. व्हिसाच्या अर्जाच्या मधोमध गुन्हा. म्हणून तर थांबवलंच जायला नको मला. कशासाठीही."

"मग हळू चालव."

"दोनशे वीस नंबरच्या हायवेवर हळू चालवून बघा एकदा. मागून ट्रकवाला येतो तो थेट पाठीत. सगळ्यांबरोबर पळावं लागतं, आणि सगळे दहा-पंधरा जास्तच पळतात. त्यात मी एकटाच सापडायला नको." मग त्याने खिशातून कागद काढला, त्यावर तीन यंत्रांची नावं होती. "यातलं कोणतं, ते सांगा. तक्ता करा तुमचा, म्हणजे मला झोप येईल."

तक्त्याबद्दल सांगायला हवं. मी बी.कॉम., चाळीस वर्षं हिशेबाच्या कामात, पुढच्या जूनमध्ये निवृत्त होणार. ओळखीतलं कोणीही फ्रिज, विमा, मुलीसाठी व्हायोलिन असं काही घेणार असलं की मी एक्सेलमध्ये तक्ता करून देतो. आडवे पर्याय, उभे निकष, प्रत्येकाला गुण. लोक चेष्टा करतात आणि तक्ता घेऊन जातात.

"माझा केला होता का हो लग्नाआधी?" मालिनीने आतून विचारलं.

"माझ्या आईने केला होता."

"मग बेरीज चुकली असणार," ती म्हणाली, आणि चारू त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

मी नेतो तुला शनिवारी, असं मी तेव्हा म्हटलं नाही. सुचलं नव्हतं असंही नाही. सहा तास गाडी चालवायची आणि दिवस जायचा, एवढं मनात आलं आणि मी कॉम्प्युटर उघडला.

तीन तास लागले. मोटरगाडीत चालणारं यंत्र मोटरसायकलवर चालेलच असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पावसात टिकलं पाहिजे. उन्हात त्याचा पडदा दिसला पाहिजे. हेल्मेटच्या आत आणि वाऱ्यात त्याची पिपाणी ऐकू येत नाही, म्हणून हेल्मेटमधल्या स्पीकरला ब्लूटूथने जोडता आलं पाहिजे. शिवाय दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे आणि नव्या गाड्यांचे सेन्सर यांनाही ही यंत्रं पोलीस समजून ओरडतात, ते कोणतं कमी करतं हे बघावं लागतं. असे आठ निकष झाले. दुसऱ्या यंत्राला सर्वांत जास्त गुण पडले. नवव्या रकान्यात मी शेरे लिहितो. गुणांत न बसणारी पण जाणून घ्यायची गोष्ट तिथे असते. तिन्ही यंत्रांपुढे मी तिथे एकच ओळ लिहिली होती: 'व्हर्जिनिया राज्यात वापरास मनाई, आपल्याकडे चालतं.'

तक्ता छापला तेव्हा तो पानात मावला नाही. आठ रकाने पहिल्या पानावर आले आणि नववा एकटा दुसऱ्या पानाच्या डाव्या कडेला गेला. प्रिंटरमधून दोन पानं आली. वरचं मी चारूला दिलं. दुसरं जवळजवळ कोरंच दिसलं, म्हणून पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात ठेवलं. पाठकोरे कागद फेकायचे नाहीत ही माझी पहिल्या नोकरीपासूनची शिस्त आहे.

चारूने पान डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचलं. "सगळं आहे ना यात?"

"सगळं आहे. तुझा तर धंदाच तपासायचा, तू तपास."

"माझा धंदा दुसऱ्याने दिलेल्या यादीप्रमाणे तपासायचा, काका. यादीत नसलेलं शोधायचे पैसे देत नाहीत."

यंत्र मंगळवारी आलं. पण त्याबरोबर मागवलेला हँडलवर बसवायचा क्लॅम्प लहान निघाला. चारूच्या गाडीचं हँडल एक इंच जाड, क्लॅम्प सात-अष्टमांश इंचाचा. तो परत पाठवून दुसरा मागवेपर्यंत आणखी एक शनिवार गेला. त्या शनिवारी अदितीने फोन उचलला, पण बोलली नाही. चारूने आम्हाला सांगितलं, की दहा मिनिटं तिच्या खोलीतला पंखा ऐकत बसलो.

१५ तारखेच्या रविवारी आमच्या गॅरेजमध्ये बसवणी झाली. चारूने पेट्रोलची टाकी उतरवून जुन्या चादरीवर ठेवली. यंत्राचा वीजपुरवठा थेट बॅटरीवरून घ्यायचा नाही, नाहीतर उभ्या गाडीत बॅटरी उतरते, असं सांगत त्याने किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या वायरीवर रिले, म्हणजे आपोआप जोडणारा-तोडणारा खटका, बसवला आणि मध्ये छोटा फ्यूज टाकला. वायर टाकीखालून पुढे आणली, जागोजागी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधली. क्लॅम्पखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले, थरथर कमी व्हावी म्हणून. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून वायर कुठे चिमटते का ते पाहिलं. माझ्याकडे टॉर्च धरायचं काम होतं.

"समोरून मोकळं दिसलं पाहिजे त्याला," तो म्हणाला. "काच आडवी आली की अर्धं आंधळं होतं." म्हणून त्याने ते काचेच्या वर, अगदी उंच, सर्वांना दिसेल असं बसवलं.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मला ती ओळ आठवत होती. पण तक्त्यात लिहिलंय, त्याने दोनदा वाचलंय, सीमेपाशी तो ते काढून पेटीत टाकेल, असं मी धरून चाललो. एकदा लेखी दिलेलं तोंडी पुन्हा सांगायचं नाही, ही ऑफिसातली सवय.

संध्याकाळी तो किराणा दुकानापर्यंत फेरी मारून आला. दुकानाच्या दारापाशी यंत्र तीनदा कोकललं म्हणे. "ठणठणीत आहे," म्हणाला. मालिनीने यंत्राला कुंकू लावलं. त्याने लावू दिलं, नंतर पडद्यावरचं तेवढं बनियनने पुसलं.

२१ तारखेचा शनिवार नीट पार पडला. अदिती जेवली, अर्धी पोळी जास्त जेवली.

२८ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास माझा फोन वाजला. चारूचा आवाज इतका सपाट होता की आधी मला ओळखू आला नाही. "काका, मी व्हर्जिनियात शिरल्यावर पहिल्या पेट्रोल पंपावर आहे. गाडी टो करून नेली. तुम्हाला यायला जमेल का?"

मी दोन तासांत पोचलो. तो पंपाच्या भिंतीला टेकून फुटपाथवर बसला होता, हेल्मेट बाजूला, डबा मांडीवर.

वेग नव्हता. त्याने मला तीनदा सांगितलं, वेग नव्हता. साठच्या रस्त्यावर अठ्ठावन्नने चालला होता, यंत्र हिरवं होतं, गप्प होतं. पोलिसाने मागून येऊन थांबवलं, नम्रपणे बोलला, आणि हँडलकडे बोट दाखवून म्हणाला, की सर, आमच्या राज्यात हे लावून चालवता येत नाही. त्याचा दंड किरकोळ असतो, हेही त्यानेच सांगितलं. मग त्याने लायसन्स मागितलं.

"मला माहीतच नव्हतं," चारू म्हणाला. "असं कसं माहीत नव्हतं मला? एकदा गूगल केलं असतं तरी."

मी गाडीचं दार उघडून धरलं. मला तेव्हा खरंच वाटत होतं, की त्याने शेरा वाचला आणि विसरला.

"घरी जायचं?" मी विचारलं.

"इथून तासाभरावर आहे ती. डबा तरी पोचवू."

अदिती वसतिगृहाच्या पायरीवर बसली होती, स्वेटरच्या बाह्या हातांवर ओढून. "यू आर लेट," ती म्हणाली. मग मला पाहून मराठीत, "काका? गाडी कुठे आहे बाबा?"

"सर्व्हिसिंगला टाकली. काका म्हणाले, मीही येतो, पानं बघायची आहेत रंगलेली."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. ती जेवली, पण थोडंच, आणि जेवताना तिचं लक्ष चारूकडेच होतं.

समन्स डिसेंबरच्या तारखेचं होतं. वकील झाला. पुढचे शनिवार मी नेऊ लागलो. ४ नोव्हेंबरला नेलं. १० तारखेला, शुक्रवारी, फ्रिजवर चुंबकाने लावलेली मालिनीची किराण्याची यादी मी काढली. कांदे, पोहे, साबण. कागद उलटा झाला. डाव्या कडेला एक अरुंद पट्टी छापलेली होती, तीन घरं, तिन्हींत तीच ओळ.

मालिनीला दाखवली. तिने चष्मा लावून वाचली. मग म्हणाली, "सांगणार आहात ना?"

दुसऱ्या दिवशी वाटेत ग्रीन्सबोरो शहर मागे टाकल्यावर मी चारूला सांगितलं. कागद त्याच्या हातात दिला. त्याने आधी किराण्याची बाजू वाचली, मग दुसरी.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"तक्त्यात होतं."

"माझ्या पानावर नव्हतं."

"नव्हतं. दुसरं पान मी दिलं नाही. कोरं वाटलं मला ते."

तो कागदाची घडी घालत राहिला. चार घड्या, आठ घड्या, नखाने दाबत. "आणि गॅरेजमध्ये? मी वायर बांधत होतो, तुम्ही टॉर्च धरून उभे होतात. तेव्हा?"

"तेव्हा वाटलं, तू वाचलंयस."

बाहेर एक लांब ट्रक आम्हाला ओलांडून गेला. मी विचारलं, "थांबवू का गाडी जरा?"

"नको. अदिती वाट बघत असेल."

त्यानंतर त्याने हा विषय कधीच काढला नाही. मला काका म्हणत राहिला. पण गाडीत बसला की मागच्या सीटवर बसू लागला, डबा सांडू नये म्हणून धरावा लागतो असं सांगून. डबा पूर्वी टॉवेलात गुंडाळून पेटीत पावणेदोनशे मैल जायचा आणि सांडत नसे.

कोर्टात दंड झाला आणि गुन्हा नोंदीवर आला. ८ डिसेंबरला कंपनीचं पत्र आलं, प्रकल्प संपला, मुदतवाढीचा अर्ज मागे घेत आहोत. त्याचा आणि कोर्टाचा संबंध होता की नाही हे मला सांगता येणार नाही. पत्रात तसं लिहिलेलं नव्हतं. त्याला साठ दिवस मिळाले. नोंदीत गुन्हा असलेल्या माणसाचा अर्ज घ्यायला दुसरी कंपनी तेवढ्यात मिळाली नाही. त्याचा व्हिसा संपला की अदितीचाही संपणार होता. तिने सत्र कसंबसं पूर्ण केलं, चार विषयांपैकी दोन.

मोटरसायकल त्याने गल्लीतल्याच एकाला विकली. विकण्याआधी यंत्र उतरवून घेतलं, वायर गुंडाळली, क्लॅम्पचे स्क्रू वेगळ्या पुडीत घातले आणि सगळं आमच्या गॅरेजमधल्या फळीवर आणून ठेवलं. "कोणाला लागलं तर द्या," एवढंच म्हणाला. त्या दिवशी चहा मागितला नाही. मालिनीने केला तो घेतला आणि कप विसळायला उठला, तेव्हा तिने त्याच्या हातातून कप काढून घेतला.

२० जानेवारीला मी त्या दोघांना विमानतळावर सोडलं. चार बॅगा होत्या. अदितीने खिडकीकडे तोंड केलेलं होतं. उतरताना चारूने माझा हात धरला, जरा जास्त वेळ, आणि सोडला. उल्का मालिनीला अधूनमधून लिहिते. आई गेली, चारूला एका वर्कशॉपमध्ये काम मिळालंय, अदिती बहुतेक खोलीतच असते.

जानेवारीच्या शेवटी मी दरवर्षी कार्डाचे बाराही महिन्यांचे उतारे ताळ्याला लावतो. त्यात ३० ऑक्टोबरची एक जमा निघाली. परत पाठवलेल्या लहान क्लॅम्पचे पैसे, सत्तावीस डॉलर एक्क्याऐंशी सेंट. त्या क्लॅम्पचे पैसे चारूने मला रोख दिलेले होते, आणि त्या आठवड्यात जमेकडे बघायचं मला भान नव्हतं. मी त्याला निरोप पाठवला, कसे पाठवू ते कळव म्हणून. निरोप वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. मार्चमध्ये पुन्हा लिहिलं, तेव्हाही तसंच.

मी चारुदत्त वैरागडे याला सत्तावीस डॉलर एक्क्याऐंशी सेंट देणं लागतो.